गेमिंगसाठी हाताला मानवणारा माऊस कसा निवडावा? (सोलापूर)

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. गेले चार महिने माझा उजवा अंगठा बुडाशी, म्हणजे मनगटाला जिथे तो जोडलेला असतो तिथे, सारखा दुखत आहे. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम करतो. दिवसाचे आठ तास बिलांच्या नोंदी, म्हणजे हातात माऊस, आणि रात्री जेवणे आटोपली की मित्रांबरोबर दीड-दोन तास व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम, म्हणजे पुन्हा माऊसच. रविवारी फुटबॉलचा गेम असतो, तो मी आजवर कीबोर्डवर खेळत आलो आहे.

सुरुवातीला मी दुखण्याकडे लक्ष दिले नाही. मागच्या आठवड्यात आई खोलीत पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि मी खेळत असताना बराच वेळ माझ्या हाताकडे बघत उभी राहिली. आईने तीस वर्षे बिड्या वळल्या आहेत. ती म्हणाली, "तू तो माऊस धरत नाहीस रे, चिमटीत पकडतोस. माझा अंगठा असाच गेला." मग तिने आपला हात माझ्या हाताशेजारी टेबलावर ठेवला आणि पान वळताना अंगठ्याचे पेर कसे दाबून धरावे लागते ते नुसत्या हवेत करून दाखवले. माझा अंगठा माऊसच्या कडेला अगदी तसाच दाबलेला होता, आणि नखाच्या टोकाशी रक्त हटून पांढरट दिसत होते. दिवसाला हजार बिड्या वळणाऱ्या बाईला जे दोन मिनिटांत दिसले, ते मला चार महिने दिसले नव्हते.

नवा माऊस घ्यावा म्हणून मी एका दुकानात गेलो. तिथे मला बारा हजार डीपीआय, सोळा हजार डीपीआय, सात रंगांचे दिवे असे सगळे सांगण्यात आले, पण खोका उघडून माऊस हातात धरून बघू का, असे विचारल्यावर नकार मिळाला. जी वस्तू दहा तास हातात राहणार आहे ती हातात न घेता विकत घ्यावी लागावी, याचे मला मनापासून वाईट वाटले. माझी मर्यादा अडीच हजार रुपयांची आहे. वायरचा घ्यावा की बिनवायरचा, उभा माऊस मिळतो तो घ्यावा की दोन्ही हातांत धरून खेळायच्या कंट्रोलरकडे वळावे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हाताला सुटणाऱ्या घामाचे काय करावे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

नवी पेठ दुरुस्ती

आपण डीपीआयचा आकडा बाजूला ठेवावा, असे मी पहिल्यांदा सांगेन. माऊसच्या पोटात एक अगदी छोटा कॅमेरा असतो आणि तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो घेऊन हात किती सरकला ते मोजतो. ८०० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवला की तो संगणकाला ८०० पावले कळवतो. आपला पडदा १९२० ठिपक्यांचा रुंद असेल, तर १६,००० डीपीआयवर एक इंचाच्या हालचालीत बाण तो पडदा आठ वेळा ओलांडून जाईल. असा वेग कोणीही वापरत नाही. नेमबाजीचे गेम गांभीर्याने खेळणारी बहुतेक मंडळी ४०० ते १६०० यांच्यामध्येच असतात आणि तेवढे आज साध्यातला साधा गेमिंग माऊसही नीट करतो. पोलिंग रेटचेही असेच आहे. १२५ हर्ट्झला माऊस दर ८ मिलिसेकंदांनी आपली जागा कळवतो, १००० हर्ट्झला दर एका मिलिसेकंदाने. १००० असावे, त्यापुढच्या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

खरी निवड हाताच्या मापाची आहे. आपण चप्पल मापाविना घेत नाही, माऊस मात्र घेतो. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा, आणि अंगठा सोडून चारही बोटांच्या बुडाशी तळव्याची रुंदी मोजा. लांबीच्या साधारण साठ टक्के लांब माऊस बहुतेकांच्या हाताला बसतो, असा खेळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. तो नियम नव्हे, पण दुकानात जाण्याआधी हाताशी असावा. त्याच्या जोडीला आपली पकड पाहावी. पूर्ण तळवा टेकवून धरणारे असतात, पंज्याची नखे रोवावीत तशी बोटे वाकवून धरणारे असतात आणि तळवा अधांतरी ठेवून फक्त बोटांच्या टोकांनी धरणारे असतात. तळवा टेकवणाऱ्याला मागून फुगीर आणि लांब माऊस लागतो, बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याला लहान आणि हलका. आपल्या आईंनी जे वर्णन केले त्यावरून आपला सध्याचा माऊस हाताला लहान पडतो आहे, असा माझा कयास आहे.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्या गावापुरती. माझ्याकडे टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांतून दुरुस्तीला येणारे माऊस उघडले, की चाकाच्या आसाभोवती सुताचे तंतू चरखीवर गुंडाळावेत तसे गुंडाळलेले सापडतात. खालच्या सेन्सरच्या भोकातही तोच कापूस अडकतो आणि मग बाण थरथरतो किंवा उडी मारतो. माऊस बिघडला म्हणून टाकून देण्याआधी चिमट्याने ते भोक साफ करून बघावे. एका क्लिकच्या जागी दोन क्लिक पडू लागले तर मात्र आतल्या बटणातली धातूची पातळ पट्टी थकलेली असते. ते बटण डाख काढून बदलता येते आणि खर्चही फार येत नाही.

फिजिओ_जुळे सोलापूर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे तपासणी न करता निदान करणार नाही, पण दुखण्याची जागा आणि उपकरणाची निवड यांचा संबंध सांगणे आवश्यक वाटते, कारण "हात दुखतो" एवढ्यावर उपकरण घेतले की चुकीचे घेतले जाते.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येत असतील, रात्री बधिरपणाने जाग येत असेल, तर मनगटाच्या मधल्या बोगद्यातून जाणाऱ्या मीडियन नर्व्हवर दाब असण्याचा संशय येतो. करंगळीत मुंग्या येत असतील तर ती वेगळी नस, आणि तिचा त्रास बहुतेकदा कोपर टेबलाच्या कडेवर टेकवण्यातून होतो. आपण मुंग्यांचा उल्लेख केलेला नाही, दुखते ते अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला. तिथून अंगठा उचलणारे आणि बाजूला नेणारे दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, एका अरुंद नळीतून जातात. सतत दाबून धरल्याने ती नळी जाड झाली, की अंगठ्याची प्रत्येक हालचाल दुखते. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेरवेन यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला आहे. तान्ह्या बाळाला सतत उचलून घेणाऱ्या आयांमध्ये, फोनवर अंगठ्याने खूप टाइप करणाऱ्यांमध्ये मला हे नेहमी दिसते. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवण्याची जी चाचणी इंटरनेटवर दाखवतात, ती घरी पुन्हा पुन्हा करू नये, तिने सूज वाढते. चार महिने झाले आहेत, तेव्हा एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

आता उपकरणाबद्दल. उभ्या माऊसमध्ये हात हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतो. लॉजिटेक कंपनीच्या एमएक्स व्हर्टिकल आणि लिफ्ट या दोन उभ्या माऊसचा उतार ५७ अंशांचा आहे. त्यामुळे पालथा हात पिळला जातो तो ताण कमी होतो आणि कार्यालयीन कामासाठी मी तो अनेकांना सुचवते. परंतु काही उभ्या माऊसमध्ये अंगठा पुन्हा घट्ट धरण्याच्याच कामाला लागतो, म्हणून आपल्या दुखण्यात तो हमखास गुणकारी ठरेल असे मी म्हणणार नाही. कंट्रोलरच्या बाबतीत तर मी आपल्याला सावध करते. कंट्रोलर हातात छान बसतो, मांडीवर हात ठेवून आरामात बसता येते, हे सगळे खरे आहे, पण त्यावर सगळ्यात जास्त कष्ट कोणाला पडतात तर दोन्ही अंगठ्यांना. ज्याचे मनगट दुखते त्याला कंट्रोलरने आराम पडू शकतो. ज्याचा अंगठा दुखतो त्याने त्याच्याकडे उपाय म्हणून पाहू नये.

आणि कृपया टेबल तपासा. आपल्याकडचे साधे टेबल तीस इंच उंच असते आणि खुर्ची बहुधा त्यामानाने बुटकी. मग खांदा वर चढतो, मनगट टेबलाच्या कडेवर मोडते, आणि त्यानंतर कितीही महागडा माऊस घेतला तरी उपयोग होत नाही. कोपर काटकोनात किंवा त्याहून किंचित उघडे राहील इतकी बैठक उंच करा. चादरीची घडी खुर्चीवर ठेवली आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट घेतला, तरी बरेच काम होते.

हॉस्टेल_केगाव

दादा, मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि आमच्या हॉस्टेलवर दोन्ही प्रकारचे खेळणारे आहेत, म्हणून थोडे लिहितो. संगणकावरचे व्हॅलोरंट कंट्रोलरने खेळताच येत नाही. २०२४ मध्ये ते प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर आले तिथे कंट्रोलर चालतो, पण आपला गट संगणकावर आहे म्हटल्यावर तो पर्याय निकालात निघतो. फुटबॉलसाठी मात्र कीबोर्डपेक्षा कंट्रोलर कितीतरी सोयीचा. कीबोर्डवर खेळाडू आठच दिशांना पळतो आणि कंट्रोलरच्या अंगठ्याने कलवायच्या दांडीवर हवा तसा वळवता येतो, किती जोरात पळायचे तेही दांडी किती कलवली यावर ठरते.

कंट्रोलरमध्ये हाताच्या दृष्टीने दोन घराणी आहेत. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये डावी दांडी वर आणि उजवी खाली असते. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये दोन्ही दांड्या खाली शेजारी-शेजारी असतात. डावा अंगठा सहज टेकतो ती जागा वरची आहे, असे माझे मत आहे, म्हणून लहान हाताच्या मित्रांना मी पहिले घराणे सुचवतो. वजन दोघांचे जवळजवळ सारखेच आहे. एक्सबॉक्सचा सेल घालून २८७ ग्रॅम आणि प्लेस्टेशनचा ड्युअलसेन्स २८० ग्रॅमच्या आसपास. प्लेस्टेशनचाच जुना ड्युअलशॉक ४ मात्र सुमारे २१० ग्रॅमच होता आणि तासभर खेळल्यावर हा फरक जाणवतो.

स्वस्त कंट्रोलर घेताना दांडीखाली कोणता सेन्सर आहे ते विचारावे. नेहमीच्या दांडीत आतली कार्बनची पट्टी घासून घासून झिजते आणि मग हात न लावता खेळाडू एका बाजूला चालू लागतो. हॉल इफेक्ट सेन्सरमध्ये चुंबकाने जागा मोजली जाते, काही घासत नाही, त्यामुळे ही तक्रार फार कमी होते. आता मध्यम किमतीतही असे कंट्रोलर मिळू लागले आहेत.

माऊससाठी माझा सल्ला असा की डीपीआय ४०० वर आणा आणि गेममधला वेगही कमी करा. म्हणजे मनगटाऐवजी कोपरापासून पूर्ण हात फिरेल. आमच्यात सगळे चांगले नेमबाज असेच खेळतात.

फिजिओ_जुळे सोलापूर

मनगटाऐवजी कोपरापासून हात फिरवावा, हे अगदी योग्य आहे. मात्र वेग फार कमी केला की माऊसखालचा पॅड संपतो, आणि माऊस उचलून पुन्हा मागे ठेवावा लागतो. तो उचलतो कोण? एका बाजूने अंगठा आणि दुसऱ्या बाजूने अनामिका. म्हणजे पुन्हा चिमूट, तीही वजनासकट, आणि खेळाच्या भरात मिनिटाला कित्येक वेळा. धागाकर्त्यांच्या अंगठ्याला नेमके हेच टाळायचे आहे. त्यांनी वेग मध्यम ठेवावा, मोठा पॅड घ्यावा आणि माऊस हलका घ्यावा.

हॉस्टेल_केगाव

हे माझ्या ध्यानात आले नव्हते, ताई. आत्ता स्वतःचा हात बघितला, तर खरोखर प्रत्येक उचलण्याला अंगठा दाबला जातो. मग दादा, बिनवायरचा घेताना वजन नक्की बघा. लॉजिटेकचा जी१०२ वायरचा असून ८५ ग्रॅमचा आहे. साधारण त्याच आकाराचा बिनवायरचा जी३०४ पेन्सिल सेलसकट ९९ ग्रॅम भरतो. त्यात साध्या सेलऐवजी लिथियमचा सेल घातला की सात-आठ ग्रॅम कमी होतात. आणि बिनवायरचा घ्यायचा तर स्वतःचा रिसीव्हर (संगणकाच्या यूएसबीत लावायचा छोटा तुकडा) असलेलाच घ्यावा, ब्लूटूथवर नेमबाजीचा गेम खेळू नये, त्यात हालचाल उशिरा पोहोचते. रिसीव्हर सीपीयूच्या मागे पत्र्याआड लावण्यापेक्षा समोर, माऊसजवळ लावावा.

डावखुरा

इथे आमच्यासारख्यांचा विचार क्वचितच होतो म्हणून लिहितो. चांगला म्हणून सांगितला जाणारा निम्मा माल उजव्या हातासाठी कोरलेला असतो आणि डाव्या हातात तो धरताच येत नाही. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माऊस घेतला तरी कडेची दोन बटणे बहुतेकदा डाव्या बाजूलाच असतात, म्हणजे आमच्या करंगळीखाली. लिफ्ट माऊसची डाव्या हाताची आवृत्ती निघाली तेव्हा मला झालेला आनंद उजव्या हाताच्या लोकांना समजावून सांगणे कठीण आहे.

पण माझा मुद्दा धागाकर्त्यांच्या कामाचा आहे. शाळेपासून संगणकाच्या तासाला मला उजव्या हाताने माऊस धरायला लावले गेले, त्यामुळे आज मला दोन्ही हातांनी तो चालवता येतो. आपण कार्यालयातला माऊस डाव्या हाताला का घेत नाही? विंडोजच्या सेटिंगमध्ये डावे-उजवे बटण अदलाबदल करता येते. पहिला आठवडा फार चिडचिड होते, बाण भलतीकडे जातो, पण नोंदींच्या कामाला नेमबाजीएवढी अचूकता लागत नाही. उजव्या अंगठ्याचे दहा तासांतले आठ तास वाचतील आणि संध्याकाळचे दोन तास त्याला झेपतील.

निवृत्त जॉबर

मी वयाने आपल्या सर्वांत मोठा असेन. नातवाने हा धागा वाचून दाखवला. खेळच बंद करा, असे सांगायला बसलो होतो, परंतु दिवसाचे आठ तास कारखान्यात आणि दोन तास खेळात असा हिशेब वाचल्यावर दोष एकट्या खेळाला देणे न्यायाचे वाटेना.

आमच्या वडिलांचा हातमाग होता. धोटा फेकण्यासाठी जी दोरी ओढावी लागते, तिची लाकडी मूठ प्रत्येक विणकराची वेगळी असे. दुसऱ्याच्या मागावर बसायची वेळ आली तर वडील आपली मूठ सोबत घेऊन जात. तिच्यावर त्यांनी सुती चिंधी पट्टीसारखी गुंडाळलेली होती, उन्हाळ्यात ती घाम टिपत असे, आणि दर पंधरवड्याला ती बदलून नवी लावत. त्या मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. मूठ घट्ट धरणाऱ्याचा हात दुपारीच भरून येतो, सैल धरणारा संध्याकाळपर्यंत विणतो, असे ते सांगत. नातवाने मला दाखवले की माऊसवर चिकटवण्याच्या खरबरीत पट्ट्या मिळतात. त्या आपण जरूर लावाव्यात. हात घसरला की माणूस नकळत जास्त आवळतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या गावात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा तर हे विशेष जपावे.

नातवाने आणखी एक सांगितले, ते मला फार आवडले. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६४ च्या सुमारास करवून घेतलेला पहिला माऊस लाकडाचा होता, खाली दोन चाके आणि वर एकच बटण. सुतारकामातून निघालेली वस्तू हाताच्या मापाने घडवता येते, हे आमच्या पिढीला पटवून द्यावे लागत नाही.

नवी पेठ दुरुस्ती

काका, चिंधीची आठवण वाचून बरे वाटले. त्याला जोडून एक सांगतो. वरून मऊ रबराचा लेप दिलेला माऊस शक्यतो घेऊ नये. उष्णतेने, घामाने आणि तेलाने तो लेप दोन-तीन वर्षांत चिकट होतो आणि धूळ धरतो. साधे खरबरीत प्लास्टिक आपल्या हवेला उत्तम, त्यावर पट्ट्या लावाव्यात. दुसरे म्हणजे, पॅड म्हणून चादरीचा तुकडा घालणारे पुष्कळजण आहेत. मीही केले आहे. चादरीची नक्षी उठावाची असते, तिच्या काठावर माऊसचे पाय अडतात आणि सेन्सरपासूनचे अंतरही सारखे राहत नाही. कडा शिवलेला सपाट कापडी पॅड घ्यावा, चादर खुर्चीवर ठेवावी.

घोंगडे वस्ती

फार लिहीत नाही. माझ्या भावाची उजवी तर्जनी यंत्रमागावर निम्मी गेली. तो आजही खेळतो. मधले बोट डाव्या बटणावर आणि अनामिका उजव्या बटणावर अशी त्याची पकड आहे, आणि तर्जनीचा उरलेला भाग तो अंगठ्याच्या सोबतीला कडेवर ठेवतो. त्यासाठी त्याला पाठीवर रुंद माऊस लागतो, अरुंद माऊसवर बोटे एकमेकांवर चढतात. चाकावरचे दाबण्याचे काम त्याने सॉफ्टवेअरमधून कडेच्या बटणावर घेतले आहे. ज्यांच्या हाताला याहून मोठी अडचण असेल त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरची माहिती घ्यावी. २०१८ साली तो आला आणि त्याच्या मागे १९ छोटी भोके आहेत, त्यांत हवी तशी वेगवेगळी बटणे जोडून ती पायाने, कोपराने, डोक्याने दाबता येतात. महाग आहे, पण असे काही असते हे ठाऊक तरी असावे.

पूर्वभागकर

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी लिहितो आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

पहिल्याच रात्री जुन्या हिशेबाच्या कागदावर हात ठेवून आईने पेन्सिलीने त्याची कड काढली. लांबी भरली १८.२ सेंटिमीटर, रुंदी ८.६. साठ टक्क्यांच्या हिशेबाने १०.९ सेंटिमीटरच्या आसपासचा माऊस मला हवा होता. मी आजवर वापरत होतो तो लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा छोटा माऊस निघाला, जेमतेम साडेनऊ सेंटिमीटरचा. तळव्याला टेकायला त्याची पाठच नव्हती, म्हणून सगळा भार अंगठा आणि अनामिका यांच्या चिमटीवर येत होता.

दुकानात खोका उघडत नाहीत, म्हणून मी गटातल्या मित्रांचे तीन माऊस एकेक आठवडा मागून घेतले. पहिला रेझर कंपनीचा डेथॲडर इसेन्शियल, १२.७ सेंटिमीटर लांब आणि ९६ ग्रॅमचा. तळवा त्यावर फार सुखाने टेकला आणि अंगठा पहिल्यांदाच सैल सुटला, पण पुढच्या बटणांपर्यंत माझी बोटे ताणली जात होती. ज्या मित्राचा तो आहे त्याचा हात वीस सेंटिमीटरचा आहे. दुसरा एक उभा माऊस होता. कामाला तो खरोखर चांगला वाटला, गेममध्ये मात्र निशाणा वर-खाली नेताना मला जमेना. तिसरा जी१०२, लांबी ११.६६ सेंटिमीटर. साठ टक्क्यांच्या हिशेबापेक्षा तो थोडा मोठा आहे, पण बोटे किंचित वाकवून आणि तळव्याची मागची गादी टेकवून धरला की हात त्यावर विसावतो. तोच घेतला, आणि उरलेल्या पैशांत मोठा कापडी पॅड आणि पट्ट्या. वायरचाच घेतला. वायर टेबलाच्या कडेला अडकून ओढली जात होती, ती पडद्याच्या पायाला चिमट्याने उचलून बांधली.

डीपीआय ८०० ठेवला आहे, आणि विंडोजमधले बाणाचा वेग आपोआप वाढवणारे सेटिंग बंद केले आहे, त्यामुळे हात जेवढा सरकेल तेवढाच बाण सरकतो. गेममधला वेग पॅडच्या रुंदीत पूर्ण वळता येईल एवढा ठेवला. माऊस उचलावा लागतो तो आता अगदी क्वचित. खुर्चीवर चादरीची दुहेरी घडी आणि पायाखाली आईचा पाट आहे.

डॉक्टरांनाही दाखवले. त्यांनी अंगठ्याचेच टेंडन म्हणून सांगितले, तीन आठवडे रात्री लावायला पट्टा दिला आणि त्या काळात खेळ बंद ठेवायला लावला. ते मी पाळले. कार्यालयात माऊस डाव्या हाताला घेतला आहे. डावखुरा यांनी लिहिल्याप्रमाणे पहिला आठवडा फार कठीण गेला. एकदा चुकीच्या ओळीवर क्लिक होऊन एक बिल दोनदा नोंदले गेले आणि संध्याकाळी ते शोधत बसावे लागले. आता हात बसला आहे. दुखणे पूर्ण गेलेले नाही, सकाळी गाडीची किल्ली फिरवताना अजून कळ येते, पण खेळून उठल्यावर येणारा ठणका थांबला आहे. कंट्रोलरचा विचार अंगठा पूर्ण बरा होईपर्यंत पुढे ढकलला आहे आणि रविवारचे फुटबॉल तूर्त कीबोर्डवरच चालू आहे.

हॉस्टेल_केगाव

दादा, वाचून फार बरे वाटले. जुन्या माऊसचे काय केले? आमच्या एका वर्गमैत्रिणीचा हात लहान आहे आणि तिला मोठे माऊस पेलत नाहीत.

पूर्वभागकर

तो दिला गेला आहे. बहिणीची मुलगी सुट्टीला आली होती, तिने त्याच कागदावर माझ्या हाताच्या आत आपला हात ठेवून कड काढून घेतली. तिचा हात भरला १५.८ सेंटिमीटर, आणि त्याचे साठ टक्के काढले तर बरोबर साडेनऊ येतात. तिने तो माऊस धरला तेव्हा आई शेजारी बसून तिच्या अंगठ्याकडेच बघत होती. नख गुलाबी होते. आपल्या मैत्रिणीला आधी हाताचे माप घ्यायला सांगा आणि ते इथे लिहा, म्हणजे त्या मापाचा माऊस कोणाकडे आहे ते बघून एक आठवडा वापरायला मिळवून देता येईल.